नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-सिन्नरच्या उसात दिसतो तो वाघ असतो का?

नाही, तो बिबट्या. पट्टे नसून ठिपक्यांची वर्तुळं दिसली की ओळख पटते. बिबट्याचं कुत्र्या-शेळ्यांवर भागतं आणि ऊस लपायला पुरतो. वाघाला मात्र सांबर, गव्यासारखी मोठी शिकार, पाणी आणि सलग मोठं जंगल लागतं. रस्ते, खाणी, शेतीने जंगलाचे तुकडे झाले, वर कातडी-हाडांसाठी चोरटी शिकार. म्हणून वाघ धोक्यात. राज्यातले बहुतेक वाघ विदर्भात, ताडोबा-मेळघाटकडे आहेत. भटका नर मात्र लांब जातो: २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ १३०० किलोमीटरहून जास्त भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्यामुळे नाशिकला वाघ कधीच येणार नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. आणि हो, उसात बिबट्या असला तरी एकट्याने बघायला जाऊ नका, वनविभागाला कळवा.