नाव घरचे, काम कारखान्याचे

प्रश्न : डिचोलीत आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना असून कार्यालय व गोदाम मिळून १४ संगणक आहेत. डीलरने ‘बिझनेस’ म्हणून बसवून दिलेल्या अँटिव्हायरसचे नाव माझ्या मुलाच्या लॅपटॉपवरील अँटिव्हायरसचेच आहे. गोदामात वजनाची पावती काढत असताना पडद्यावर मध्येच ‘आपल्या मुलांचे इंटरनेट सुरक्षित करा’ अशी चौकट उघडते. चवथीच्या सुट्टीआधी नूतनीकरणाचा ई-मेल आला, तो खरा समजून आमच्या कारकुनाने पैसे भरले आणि तो बनावट निघाला. घरगुती व व्यावसायिक अँटिव्हायरसमधला फरक नावावरून कसा ओळखावा?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नावावरून तो ओळखता येईलच असे नाही, कारण या धंद्यात प्रत्येक कंपनीची नावे ठेवण्याची तऱ्हा निराळी आहे. पुण्याच्या क्विक हीलने घरगुती ग्राहकांसाठी स्वतःचेच नाव ठेवले आणि उद्योगांसाठी ‘सेकराइट’ हे वेगळे नाव घेतले. ही सोय मला सर्वांत सरळ वाटते. सिमँटेकने २०१९ मध्ये आपला उद्योगांसाठीचा व्यवसाय सिमँटेक या नावासकट ब्रॉडकॉमला विकला आणि घरगुती ‘नॉर्टन’ मात्र मूळ कंपनीकडेच राहिले. मॅकॅफीच्या उद्योग विभागाची विक्री २०२१ मध्ये झाली व त्यातून पुढे ‘ट्रेलिक्स’ हे नाव आले, म्हणजे घरच्या संगणकावर मॅकॅफी दिसते तिथे कारखान्यात ट्रेलिक्स असू शकते. मायक्रोसॉफ्टची गोष्ट याच्या उलट आहे. २००६ मध्ये हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडण्यासाठी आलेले ‘डिफेंडर’ हे नाव आज विंडोजसोबत मिळणाऱ्या मोफत अँटिव्हायरसलाही आहे, घरगुती वर्गणीतील ॲपलाही आहे आणि ३०० वापरकर्त्यांपर्यंतच्या संस्थांसाठी असलेल्या ‘डिफेंडर फॉर बिझनेस’लाही आहे, तेव्हा ‘आमच्याकडे डिफेंडर आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

त्यामुळे खोक्यावरचे नाव बाजूला ठेवून डीलरला एकच विचारावे : सर्व १४ संगणक एकाच ठिकाणाहून दिसतील असा कन्सोल आहे का, आणि त्याचा मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे? कोणत्या संगणकावर अपडेट अडले, कोणी पेनड्राइव्ह लावला, कुठे काय पकडले गेले, हे कन्सोलवर दिसते. घरगुती प्रतीत बहुधा प्रत्येक संगणकापुढे जाऊन पाहावे लागते. पासवर्ड केवळ डीलरकडे असेल तर वस्तू व्यावसायिक असूनही ताबा आपला नाही. बिलावरील उत्पादनाचे पूर्ण नाव आणि परवान्यातील अटी हेही पाहावे, कारण अनेक घरगुती परवान्यांत व्यापारी वापरास मनाई असते. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना ठराविक सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात आणि संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेल्या घरगुती प्रतींतून हे जमवणे कठीण आहे.

आता त्या चौकटीविषयी. मुलांच्या सुरक्षेची जाहिरात गोदामात दिसणे हास्यास्पद असले तरी निरुपद्रवी नाही. घरी वापरणारा आणि पैसे भरणारा एकच असतो, म्हणून घरगुती प्रत थेट पडद्यावर ‘मुदत संपत आली, आता नूतनीकरण करा’ असे बजावते. कारखान्यात वजन करणाऱ्या माणसाचा नूतनीकरणाशी काही संबंध नसतो, पण अशा लाल अक्षरांची आणि घाईच्या भाषेची त्याला सवय होते. बनावट ई-मेल नेमकी तीच भाषा उचलतो. आपल्या कारकुनाला बोल लावण्याआधी हे ध्यानात घ्यावे. व्यावसायिक प्रत असेल तर कामगारांच्या पडद्यावरील सूचना बहुधा कन्सोलमधून बंद करता येतात, तसे डीलरकडून करून घ्यावे; ‘ती सोय नाही’ असे उत्तर आल्यास आपल्याला घरगुती प्रत विकली गेल्याचा संशय घ्यायला पुरेसे कारण आहे.

गेलेल्या पैशांबाबत सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे अजून तक्रार केली नसेल तर आजच करावी, व तो ई-मेल पुरावा म्हणून जपून ठेवावा. पुढच्या वर्षीचे नूतनीकरण मात्र डीलरच्या नेहमीच्या दूरध्वनीवर स्वतः बोलून, जीएसटी बिल हाती आल्यावरच करावे.