‘गणपतीला भाचा घरी येईल काय?’

प्रश्न: ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. बहिणीचा मुलगा सतरा वर्षांचा, पीयुसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होता. जत्रेत भांडण झालं आणि हाणामारीत ह्याच्या हातून एक पोरगं गेलं. आता हा निरीक्षणगृहात आहे. गावात कोण म्हणतंय तीन वर्षांत सुटतोय, कोण म्हणतंय जन्मठेप होऊन हिंडलग्याच्या जेलात जाणार. एकजण तर पैसे द्या, वय पंधरा करून देतो म्हणून मागं लागलाय. कागद सगळे कन्नडात. बहीण एकच विचारते, गणपतीला पॅरोलवर चार दिवस तरी सोडतील काय? काय करायचं कळेना झालंय.

उत्तर: दादा, तो पैसे मागणारा पहिल्यांदा घरातून घालवा. वयासाठी शाळेचा दाखला आधी बघतात, तो नसला तर पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं वय. खोटा दाखला उघडा पडला तर पोराच्या खऱ्या गोष्टीवरही कोण विश्वास ठेवणार नाही.

आता कलम बघा, कारण सगळं तिथं अडलंय. भारतीय न्याय संहितेचं १०३ म्हणजे खून लावला असेल तर तो २०१५ च्या बालन्याय कायद्यात जघन्य गुन्हा होतो, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेला, आणि सोळा पूर्ण झालेल्या पोराला मोठ्यांसारखा खटला चालवायचा का हे बाल न्याय मंडळ तपासतं. पण १०५, म्हणजे खुनात न बसणारा सदोष मनुष्यवध असेल, तर त्याची किमान शिक्षा सात वर्षांच्या खाली आहे, त्यामुळं हा प्रश्नच येत नाही आणि जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. एवढा फरक एका आकड्याचा, म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, १५१०० ला फोन लावा.

मंडळाच्या तपासणीत पोराला काय कळत होतं, परिणाम समजत होता का, प्रसंग कसा घडला हे बघतात. त्याला घरून उत्तरं पाठ करून देऊ नका, मी हात जोडून सांगते. आणि कन्नड नीट समजत नसेल तर दुभाष्या मागा, तो द्यायची सोय बालन्याय कायद्याच्या कलम ८ मध्येच आहे, आपल्या भागात लोक लाजून मान हलवतात आणि मग कळतं की कशाला मान हलवली ते.

खटला मोठ्यांसारखा चालला तरी फाशी नाही, आणि सुटकेची वाटच नाही अशी जन्मठेपही नाही. एकवीस होईपर्यंत त्याला हिंडलग्यात टाकता येत नाही, सुरक्षित ठिकाणी ठेवतात, दरवर्षी त्याच्या प्रगतीचा अहवाल जातो, आणि एकविसाव्या वर्षी शिक्षा उरली असेल तर बाल न्यायालय, म्हणजे असा खटला चालवणारं कोर्ट, बघतं की पोरगा सुधारलाय का. सुधारला असेल तर देखरेखीखाली सोडू शकतं, नाहीतर उरलेली शिक्षा जेलात. म्हणजे खरा दरवाजा तिथं आहे, आणि तो त्या अहवालांवर उघडतो.

पॅरोलचं म्हणाल तर तो जेलातल्या कैद्याचा शब्द. मुलांना बालन्याय कायद्याच्या कलम ९८ खाली रजा मिळते, साधारण सात दिवसांपर्यंत, परीक्षा, जवळच्याचं लग्न, घरात मयत, आईबापाचं मोठं आजारपण अशा कारणाला. गणपती त्यात बसेल असं मला वाटत नाही, बहिणीला खोटी आशा लावू नका. तरी जामिनाचा अर्ज करून बघा, पोरांना जामीन नाकारायला कायद्यानं ठराविकच कारणं ठेवलीत.

आणि त्या गेलेल्या पोराच्या घरी जाऊन मिटवून घ्या असं कोणीही सुचवलं तरी जाऊ नका, तिथं एक आई बसलीय, तिला तेवढी मोकळीक द्या.

भेटायला जाताना पीयुसीची पुस्तकं घेऊन जा, आत नेऊ देतील का ते आधी विचारा. परीक्षेच्या तारखा लागल्या की रजेचा अर्ज त्याच दिवशी द्या.