वाचकांचे प्रश्न : युवक शिबिरातली संध्याकाळ

प्रश्न : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) युवक शिबिरात दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ आम्हा चौघांकडे सोपवली आहे. ४० जण, दोन तास. मागच्या वेळी सुरुवातीला धमाल झाली आणि मग निम्मे जण कडेला बसून मोबाईल बघत होते. कुठं चुकतं?

उत्तर : कडेला बसलेल्यांना बहुतेक वेळा खेळानंच बाहेर काढलेलं असतं. संगीत खुर्ची घ्या. ४० जणांत विजेता ठरायला ३९ फेऱ्या लागतात. एक फेरी अर्ध्या मिनिटात उरकली तरी पहिला बाद झालेला जवळपास वीस मिनिटं नुसता बघत बसतो. मोबाईल नंतर येतो, आधी कंटाळा येतो. म्हणून आमचा आग्रह एकच : बाद करणारा खेळ त्या संध्याकाळी ठेवूच नका.

सुरुवातीला दगड-कागद-कात्रीची आगगाडी घ्या. सगळ्यांनी जोड्या लावून खेळायचं. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या मागं उभं राहून, खांद्यावर हात ठेवून त्याच्या नावाचा जयघोष करायचा. मग इंजिनाशी इंजिन भिडतं. ४० चे २०, १०, ५, ३, २, १ असं होत पाच फेऱ्यांत दोनच गाड्या उरतात आणि सहाव्या फेरीत एक. एखादी फेरी विषम आली तर एका गाडीला पुढं चाल द्या. सगळं सात-आठ मिनिटांत होतं, आणि हरणारा प्रत्येक जण शेवटपर्यंत ओरडत असतो.

मग गट पाडा. नुसतं 'एक, दोन, तीन' मोजायला सांगितलंत तर दोस्तमंडळी हिशेब करून बरोबर एकाच आकड्यावर उभी राहतात. त्याऐवजी आधी वाढदिवसाच्या क्रमानं, एक अक्षर न बोलता, रांग लावायला सांगा. महिना बोटांवर, तारीख खुणेनं. रांग लागली की एक ते पाच मोजा. आठ-आठ जणांचे पाच गट पडतात.

आठ जणांना हातांची गाठ चांगली जमते. उजवा हात समोरच्या कुणाच्या तरी हातात, डावा दुसऱ्याच कुणाच्या. शेजाऱ्याचा हात धरायचा नाही. आता हात न सोडता वर्तुळ करायचं. काही गाठी कितीही धडपडलं तरी सुटत नाहीत, दोन वर्तुळं एकमेकांत अडकतात. हे आधीच ठाऊक असू द्या आणि आठ मिनिटांनंतर एक जोड सोडून परत धरायची मुभा द्या. मनगट पिरगळू नये म्हणून पकड सैल ठेवायला सांगा. मुलामुलींना हात धरायला अवघड वाटत असेल तर दोघांच्या मध्ये रुमाल द्या. खेळ तोच राहतो, संकोच जातो.

पळापळीचे खेळ पहिल्या अर्ध्या तासातच संपवा. नंतर गटाचे खेळ, मग नाटुकली, शेवटी शेकोटी आणि गाणी. शांत झालेल्या गटाला पुन्हा पळवलंत की पुढची प्रार्थना हातातून जाते.

प्रश्न : शेकोटी पेटतच नाही, पेटली तर धूर सगळ्यांच्या डोळ्यांत. रॉकेल ओतावं का?

उत्तर : रॉकेल नको आणि पेट्रोल तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच भडका उडतो, तोही वाकलेल्या माणसाच्या तोंडावर.

धूर होतो तो ओल्या लाकडामुळं आणि हवा न मिळाल्यामुळं. लाकडातलं पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते, मग लाकडातून निघणारा वायू पेट न घेता धूर होऊन जातो. वाळलेली काटकी मोडताना 'काड्' असा आवाज करते. वाकली तर बाजूला ठेवा. चार मापांचे ढीग आधीच करा : काडीकचरा, पेन्सिलीएवढ्या काटक्या, अंगठ्याएवढ्या, मनगटाएवढी लाकडं. काटक्यांचा शंकू रचा, वाऱ्याच्या बाजूला हाताची मूठ जाईल एवढं तोंड ठेवा आणि तिथूनच पेटवा. जाड लाकूड घाईनं टाकलं की आग गुदमरते. अंगठ्याएवढ्या काटक्या नीट धगधगल्याशिवाय हात लावू नका. नदीपात्रातले दगड भोवती मांडू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

४० जण एका वर्तुळात बसले, माणशी ६० सेंटीमीटर धरले, तर परीघ २४ मीटर होतो. म्हणजे प्रत्येक जण आगीपासून जवळपास चार मीटरवर. शेक पोचतो, ठिणगी सहसा पोचत नाही. त्यामुळं गुडघाभर उंचीची शेकोटी पुरे. दुसरी रांग करू नका. मागच्यांना ना ऐकू येत, ना दिसत. ओढण्या, मफलर बांधून घ्यायला सांगा. दोन बादल्या पाणी भरून ठेवा आणि आगीवर नजर ठेवायला एकच माणूस नेमा, जो त्या वेळात गिटार वाजवणार नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात नवं लाकूड टाकू नका. विझवताना पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. नुसती माती लोटली तर निखारे आत तासन्‌तास धगधगत राहतात. तळहाताची मागची बाजू राखेच्या वर धरून ऊब लागत नाही ना ते पाहा, मगच जागा सोडा.

प्रश्न : गिटार चांगली वाजते, पण कुणी गात नाही.

उत्तर : पट्टी उंच असते. वाजवणाऱ्याच्या गळ्याला बसलेली पट्टी जमावाला बसेलच असं नाही. गाण्यातला सर्वांत वरचा सूर 'डी'च्या पलीकडं जाऊ देऊ नका. गाणं 'जी'मध्ये असेल आणि वरच्या ओळीला सगळे गप्प होत असतील, तर 'डी'च्या कॉर्ड धरून कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या दुसऱ्या घरात लावा. गाणं 'ई'मध्ये येतं, तीन अर्धस्वर खाली. अंधारात वही दिसत नाही, म्हणून लहान ध्रुवपदाची किंवा एकानं म्हणून बाकीच्यांनी उचलायची गाणी निवडा. टाळ्यांची दोन, मग संथ. आणि गिटार आगीजवळ टेकवू नका : तारा तापून उतरतात, सांध्यांचा डिंकही सैल होतो.

प्रश्न : बायबल प्रश्नमंजूषेत दर वेळी तोच एक मुलगा सगळी उत्तरं देतो. शिवाय गेल्या खेपेला वाद झाला.

उत्तर : उत्तर तोंडी नको, गटानं पाटीवर लिहून दाखवायचं, आणि लिहिणारा दर प्रश्नाला बदलायचा. जाणकार मुलगा मग आपोआप इतरांना सांगू लागतो.

वाद बहुधा प्रश्नातच लपलेला असतो. 'बायबलमध्ये पुस्तकं किती?' प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, कॅथलिक बायबलमध्ये ७३. 'देवाचा उल्लेख नसलेलं पुस्तक कोणतं?' हिब्रू एस्तेरमध्ये तो नाही, पण कॅथलिक बायबलमधल्या एस्तेरच्या ग्रीक भागांत आहे. दहा आज्ञांचे क्रमांकही सगळीकडे सारखे नाहीत. मंडळी मिश्र असेल तर असे प्रश्न गाळा. त्यापेक्षा सर्वांत लहान स्तोत्र ११७ वं, दोन ओव्यांचं. सर्वांत मोठं ११९ वं, १७६ ओव्यांचं, असे प्रश्न विचारा. १५ प्रश्न भरपूर झाले.

प्रश्न : नाटुकलीत एकमेकांच्या नकला चालतील का? आणि रात्री कुणी मन मोकळं करू लागलं तर?

उत्तर : नक्कल ज्याची करायची त्याला तालमीच्या वेळी दाखवा; त्यानं नको म्हटलं की विषय संपला. रंग, वजन, बोलणं अडखळणं, घरची परिस्थिती यांवर विनोद नाहीच.

साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, कुणालाही वर्तुळात नाव घेऊन उठवू नका. चित्रण पूर्ण बंद. कुणी मार, छळ किंवा जीव द्यायचा विचार असं काही सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्याला एकटं न सोडता त्याच रात्री शिबिराच्या जबाबदार मोठ्या माणसाकडं न्या. ते कोण, हे संध्याकाळ सुरू होण्याआधी तुम्हा चौघांनाही माहीत हवं.