वीस तारीख आणि गुहेतलं वटवाघूळ

"मॅडम, नोकरी आहे, दोन पोरं आहेत, आणि मी रात्री एक वाजता जादूगारांच्या गोष्टी लिहीत बसते. डोकं ठिकाणावर आहे का वो माझं?"

मी समुपदेशक; समोरच्या खुर्चीत बसायच्या आधीच तिनं मला हे विचारलं. तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलून. खानापूरकडचं घर, बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेबाचं काम. एका गाजलेल्या इंग्रजी जादूच्या मालिकेतलं एक दुय्यम पात्र तिनं उचललं होतं आणि मराठीत त्याची पुढची गोष्ट रचत होती, फॅन फिक्शन म्हणतात ती. तिच्या गोष्टीत निरोप पोचवायला भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहेतली वटवाघळं होती. मला ते फार आवडलं, पण तेव्हा बोलले नाही.

दर शुक्रवारी नवा भाग द्यायचं तिनं वाचकांना कबूल केलं होतं. भाग चुकला की वाचकांपुढे अपराधी वाटायचं, भाग लिहिला की घरच्यांपुढे. झोप जेमतेम पाच तास.

पहिल्या भेटीत मी चुकले. पहाटे पाचला उठून तासभर लिहा, असं वेळापत्रक करून दिलं. पहाटे नळाला पाणी येतं, डबे असतात, सातची बस असते, हे मी विचारलंच नाही. महिनाभर ती फिरकली नाही.

परत आली ती तारखा घेऊन. तिचं गाडं दर महिन्याला त्याच दिवसांत अडायचं: 11 तारखेला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, आणि 20 तारखेला 3बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं विवरणपत्र. त्या दहा-बारा दिवसांत व्हाउचर बघताना डोक्यात गोष्ट चालायची आणि गोष्ट लिहायला बसली की व्हाउचर नाचायची. अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, हे ब्ल्युमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 मध्येच मांडलंय. पण मला जास्त उपयोगी वाटतं ते मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांचं 2011 मधलं काम. ती टोचणी जायला काम पुरं व्हावं लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी मन बरंचसं मोकळं होतं.

मग आम्ही शुक्रवार मोडला. 8 ते 20 लिहायचं नाही. नवा भाग महिन्यातून एकदाच, 25 नंतर, आणि ते वाचकांना सरळ सांगून टाकायचं. मधल्या दिवसांत गोष्ट सुचलीच तर बसमध्ये छोट्या वहीत एक ओळ: पुढचा प्रसंग कोणता आणि तो कोणत्या रविवारी लिहिणार. त्याहून जास्त लिहायला मी बंदी घातली. रात्री साडेदहानंतर मोबाईल स्वयंपाकघरात. लिखाण बंद करा, असं मी कुणालाच सांगत नाही. झोप मात्र सात तासांखाली नको, यावर मी हटून बसते.

खरी गाठ वेगळीच होती. घरात कुणालाच माहीत नव्हतं. नवरा खोलीत आला की ती मोबाईल पालथा घालायची. "काय करूलालीस एवढ्या रात्री?" म्हटल्यावर "काय नाही." लपवायचं कारण लाज, त्याच्या डोक्यात मात्र संशय. दोघंही वर्षभर त्यावर गप्प!

तिसऱ्या भेटीला तिच्या यजमानांना बोलावलं. तिनं सगळं सांगितलं, मान खाली घालून. ते बराच वेळ गप्प. मग पहिला प्रश्न: "पैसे मिळतात त्याचे?"

"नाही."

"आणि पात्रं पण दुसऱ्याचीच?"

मला राहवलं नाही. ते गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, हे ती बोलून गेली होती. विचारलं, "गुरुवारी रात्री किती वाजता घरी येता?"

"बारा होतात की."

"पैसे?"

"कुठले वो पैसे!"

"अभंग कुणाचा?"

"तुकोबांचा." मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "आलापी आमची."

यापुढे मला काही बोलावं लागलं नाही. (समुपदेशकानं असं कोंडीत पकडू नये, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी पकडलं.) रविवारी दुपारी दोन तास पोरं ते बघतील, असं त्यांनीच ठरवलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. "आत्यांना नंतर," म्हणाली. मी घाई केली नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्चअखेरीला महिनाभर एक ओळही झाली नाही, आणि दोन-तीन वाचकांनी चौकशी करणं सोडलं. तिला वाईट वाटलं. वाटणारच.

गेल्या महिन्यात पुढची भेट 20 ला ठेवली होती, माझ्याच विसराळूपणानं. आदल्या दिवशी तिचा मेसेज आला: "मॅडम, उद्या 3बी आहे, 22 ला येते. वटवाघूळ अजून गुहेतच आहे, रविवारी बाहेर काढणार."