उझबेकिस्तान, जुना पासपोर्ट नंबर आणि ‘चालतं हो’

खारघरच्या दादा, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. वडिलांचा पासपोर्ट नवा झालाय, ताश्कंदच्या ई-व्हिसावर नंबर जुन्याचा पडलाय, आणि एजंट म्हणतोय, "जुना पासपोर्ट सोबत ठेवा, चालतं हो." नाही चालत. हेच वाक्य मी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात ऐकलंय. त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

सहा महिन्यांची मुदत, विमा, प्रिंट काढणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मी त्यात शिरत नाही.

आम्ही चौघं निघालो होतो: मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. उझबेकिस्तान हा मुळात सासूबाईंचा हट्ट. लहानपणी शास्त्रीजींच्या सांगण्यावरून त्यांच्या घरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे. मग जानेवारी 1966 मध्ये 10 तारखेला ताश्कंद करार झाला आणि मध्यरात्रीनंतर शास्त्रीजी गेले. तेव्हापासून ते गाव बघायचं त्यांच्या मनात. आम्हाला समरकंद बघायचं होतं, त्यामुळे जमून गेलं.

सासूबाईंच्या व्हिसातली हीच चूक निघायच्या चार दिवस आधी नवऱ्याच्या लक्षात आली होती. हे लिहायला लाज वाटते, कारण वेळ हातात होता. एजंटच्या ऑफिसात जुन्या सिंगापूर ट्रिपची फाइल सेव्ह होती, तीच उचलून फॉर्म भरला होता. मी जाऊन विचारलं, तर ‘चालतं हो’. आणि मला पटलं! माझे दीर जुन्या पासपोर्टातल्या अमेरिकन व्हिसावर दोनदा जाऊन आलेत ना. पण तो पानावर चिकटवलेला व्हिसा असतो. पासपोर्ट रद्द झाला तरी त्याची मुदत चालू राहते आणि दोन्ही पुस्तकं एकत्र दाखवता येतात. ई-व्हिसा कुठल्या पानावर नसतो, तो त्या नंबराच्या नावाने त्यांच्या सिस्टिममध्ये असतो. नंबर बदलला की तुमच्या हातातला कागद दुसऱ्याच पासपोर्टचा. एवढा फरक कोणी सांगितला असता तर...

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आमच्या तिघांचे कागद पटापट पाहिले. सासूबाईंच्या कागदावर तिचं बोट थांबलं. कागदावरचा नंबर, पासपोर्टवरचा नंबर, पुन्हा कागद. मी जुना पासपोर्ट पुढे केला, कोपरा कापलेला, रद्दचा शिक्का मारलेला. तिने तो उघडलासुद्धा नाही. नवरा आणि मुलगा पुढे गेले, मी आणि सासूबाई पहाटे टॅक्सीने परत. मुलुंड टोलनाक्यापाशी त्या पहिल्यांदा बोलल्या, "बरं झालं, दशम्या माझ्याच पिशवीत राहिल्या."

नवा अर्ज घरूनच केला. अर्ध्या तासाचं काम! सरकारी फी 20 डॉलर होती. ऑफिसने माणशी साडेचार हजार घेतले होते, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. पण व्हिसा यायला तीन कामाचे दिवस, आणि आम्ही शुक्रवारी पहाटे परत आलेलो. मध्ये शनिवार-रविवार. बुधवारी मेल आला. नऊ दिवसांच्या सहलीतले सहा दिवस गेले. नव्या विमान तिकिटांचा आकडा लिहीत नाही, नवरा पुन्हा सुरू होईल. ऑफिसचं म्हणणं काय, तर "मॅडम, आम्ही फक्त सुचवलं होतं."

सगळ्यात जिव्हारी लागली ती आफ्रोसियोब. ताश्कंद ते समरकंद सुमारे साडेतीनशे किलोमीटर ही गाडी दोन तासांच्या थोड्या वर कापते. आपल्या डेक्कन क्वीनला पुण्यालाच तीन तास लागतात. तिकिटं पटकन संपतात, म्हणून मी आधीच काढून ठेवली होती. ती वाया गेली, नवी मिळाली नाहीत, सावकाश चालणाऱ्या गाडीने गेलो. रेल्वेच्या तिकिटावरही पासपोर्ट नंबर असतो बरं का. एजंटनेच ती काढली असतील तर वडिलांचं तिकीट आजच तपासा.

तरी जा, हे मात्र नक्की सांगेन. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरसे, त्यातला उलुगबेगचा सगळ्यात जुना, 1420 च्या सुमाराचा. हा तैमूरचा नातू राजा कमी आणि खगोलशास्त्रज्ञ जास्त. त्याच्या वेधशाळेचा जमिनीखाली उतरणारा दगडी कंस अजून शिल्लक आहे. फोटोत तो काहीच वाटत नाही, कठड्याला धरून खाली बघितलं की कळतं. ताश्कंदात शास्त्रीजींचा अर्धपुतळा आहे. सासूबाईंनी तिथे चप्पल काढली, मग आम्हीही काढली.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर पुलाव सोडा, मांस बाजूला काढलं तरी भात त्याच चरबीत शिजलेला असतो. नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही आणि लाल भोपळ्याचे सामसे यांवर दिवस निघतो. सामसा म्हणजे आपल्या समोशाचाच भाऊ, पण तंदुरात भाजलेला. मांसाचेही तसेच दिसतात, विचारून घ्या. जुलैत जाऊ नका, भाजून निघाल. वडिलांच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा, तिथे औषधांबाबत कडक आहेत.

मी एजंट नाही, नियम बदलतात, फी आणि मुदत त्यांच्या सरकारी साइटवरच बघा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स पुष्कळ आहेत, पत्त्यात ‘गव्ह’ आहे ना ते पाहा.

तुमचं विमान 19 दिवसांवर आहे म्हणताय. मग एजंटशी भांडण नंतर करा. आज रात्रीच वडिलांचा नवा पासपोर्ट समोर उघडा ठेवून तुम्ही स्वतः अर्ज भरा. नंबर तुम्ही टाइप करा आणि वडिलांना मोठ्याने वाचायला लावा. रिफंडचंही विचारलंत: माझा दीड वर्षं झालं, ‘प्रोसेसमध्ये’ आहे.