कॅलिफोर्नियात घरच्या वृद्धांना सांभाळायचे सरकार पैसे देतं हे खरं का? आणि आईसाठी असे पैसे घेणं योग्य आहे का?

हो, खरं आहे, देतं. आणि "योग्य आहे का" हे विचारताय तुम्ही, म्हणजे मुलगा, आणि करतेय तुमची बायको, म्हणून मला राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की आई ग्रीन कार्डवर तुमच्याकडे असते, बायकोने नोकरी सोडली, कोणीतरी आयएचएसएसबद्दल (इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस, घरीच सांभाळणाऱ्याला पैसे देणारी ती सरकारी योजना) सांगितलं, पण नातेवाईक काय म्हणतील. काय म्हणतील ते मला पाठ आहे. मी माझ्या सासूबाईंचं करते आणि त्याचे पैसे घेते हे कळल्यावर नणंदबाईंनी अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर टाकलं होतं, "आमच्याकडे आईवडिलांचं करायला कोणी पगार घेत नाही", खाली हात जोडलेले. याच ताईंच्या सासऱ्यांना पुण्यात ब्युरोची चोवीस तासांची बाई आहे, तिला खाडा झाला की ताईंचा जीव वरखाली होतो. म्हणजे बाहेरच्या बाईला दिले तर ती सोय, आणि सुनेला मिळाले तर लाज. असो.

आता कामाचं. आईला मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा कॅलिफोर्नियातला सरकारी आरोग्य विमा पाहिजे, ते असेल तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ऑफिसात अर्ज करायचा, डॉक्टरकडून एसओसी 873 हा मदतीची गरज असल्याचा फॉर्म भरून घ्यायचा, मग सोशल वर्कर घरी येते. पैसे "आईला सांभाळलं" म्हणून मिळत नाहीत, तासांचे मिळतात, आणि तास कामागणिक ठरतात, आंघोळीला इतकी मिनिटं, कपडे घालायला इतकी, शौचाला इतकी, डॉक्टरकडे नेण्याआणण्याला इतकी. साफसफाईला अख्ख्या घराला मिळून महिन्याला 6 तास, तेही घरातल्या डोक्यांत वाटून, त्यामुळे तुमच्या आईच्या वाट्याला चिमूटभर येतील. सगळे मिळून महिन्याला जास्तीत जास्त 283 तास. दर काउंटीप्रमाणे वेगळा, तो काउंटीच्या साईटवर बघा.

खरी गोची होते ती सोशल वर्कर घरी येते तेव्हा. आमच्याकडे काय झालं सांगते. सासूबाई आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई, पाहुणी येणार म्हटल्यावर इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत ताठ बसल्या. सोशल वर्करने विचारलं, अंघोळ कोण घालतं? "आय टेक बाथ मायसेल्फ." जेवण? "आय कुक." बाईंनी दोन वर्षांत भाजी परतली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणतो, "शी इज व्हेरी इंडिपेंडंट", आणि असा हसला जसं काही आईला बक्षीस मिळतंय. आईला रात्री डायपर लागतो हे परक्या बाईसमोर बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो डायपर बदलत कोण होतं ते त्या बाईला कुठून कळणार? पत्र आलं, तास इतके कमी की वाचून हसू आलं.

मी अपील केलं. नोटीस आल्यापासून 90 दिवसांत फेअर हिअरिंग, म्हणजे अपिलाची सुनावणी मागता येतं, मागाच, फुकट असतं, वकील लागत नाही. त्यासाठी मी एक वही केली, काय झालं ते त्याच वेळी लिहायचं. "पहाटे, गॅस चालू, वर भांडं नाही. म्हणाल्या दूध तापतंय." "दुपारी गेटबाहेर, पर्स घेऊन, शाळेची बस चुकेल म्हणाल्या." "गोळी तोंडात ठेवली, नंतर कुंडीत सापडली." असं पानंच्या पानं. डिमेन्शियावाल्या माणसाला एकटं सोडणं धोक्याचं असेल तर प्रोटेक्टिव्ह सुपरव्हिजन नावाचे वेगळे तास असतात, नुसतं लक्ष ठेवायचे, आणि ते कोणी आपणहून सांगत नाही. डॉक्टरकडून त्यासाठीचा एसओसी 821 फॉर्म घ्यायचा आणि त्यात "विसरभोळ्या आहेत" असलं मोघम लिहून घेऊ नका, काय केलं, त्याने काय होऊ शकलं असतं, ते लिहून घ्या. हिअरिंग फोनवर झालं, मी वहीतलं वाचून दाखवलं. नवरा शेजारी बसून ऐकत होता आणि त्यातलं अर्धं त्याला पहिल्यांदा कळत होतं, एकाच घरात राहून. तास वाढले.

आता टाइमशीट महिन्यातून दोनदा जाते, मी भरते आणि सासूबाईंच्या वतीने नवरा मंजूर करतो, कारण मी स्वतःची टाइमशीट स्वतः मंजूर करू शकत नाही. हा नियम ज्याने केला त्याचं मला कौतुक आहे.

योग्य-अयोग्याचं विचारलंत म्हणून सांगते. मी इथे येऊन मुलं वाढवली, मग सासूबाई, आणि माझ्या नावावर सोशल सिक्युरिटीत (इथली सरकारी पेन्शन) जवळजवळ शून्य. आता या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते, म्हणजे माझी क्रेडिट्स भरतायत, 40 झाली की माझ्या हक्काची पेन्शन. एकाच घरात राहत असाल तर एसओसी 2298 फॉर्म भरा, मग या पैशावर इन्कम टॅक्स लागत नाही, फेडरलही नाही आणि स्टेटचाही नाही. ताई म्हणतात प्रेमाने करायचं असतं. प्रेमाने केलं म्हणून माझी कंबर धरायची राहिली नाही. आणि हे काही अमेरिकेचंच खूळ नाही, केरळ सरकारची आश्वासकिरणम योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्याचं करणाऱ्या घरच्या माणसाला महिना 600 रुपये, रक्कम हास्यास्पद आहे पण निदान ते काम आहे हे मान्य तरी केलंय. आपल्याकडे पुरस्कार मिळतो, आदर्श सून.

काही गोष्टी राहिल्या. 2024 आणि 2025 मध्ये मेडी-कॅलला मालमत्तेची अट नव्हती, 1 जानेवारी 2026 पासून परत आलीय, एकट्या माणसाला 130,000 डॉलर. राहतं घर त्यात धरत नाहीत, पण आईच्या नावावर भारतात फ्लॅट किंवा एफडी असतील तर ते सांगावं लागतं, लपवू नका, नंतर फार महागात पडतं. आई व्हिजिटर व्हिसावर असती तर हा विषयच नव्हता. पुढे सिटिझनशिप वगैरेच्या भानगडी असतील तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, ग्रुपवरच्या काकांना नको. दरवर्षी परत तपासणी होते, तेव्हा आईने साडी नेसली तरी चालेल, तुम्ही मात्र गप्प बसा आणि बायकोला बोलू द्या.

आणि बायकोला इथे काम करायची परवानगी नसेल तर तिला हे काम कायद्याने करता येणार नाही. मग, तुम्हाला कुठेही काम करायची परवानगी असेल तर, प्रोव्हायडर (सांभाळणारा) म्हणून तुम्ही नाव नोंदवा. बोटांचे ठसे द्यायचे, ओरिएंटेशन करायचं, झालं. सूनच पाहिजे असं फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही.