नवऱ्याचा पेपर बायकोने सोडवू नये

सायकोपॅथीच्या, म्हणजे दुसऱ्याबद्दल कणव आणि पश्चात्ताप नसलेल्या स्वभावाच्या, प्रश्नावल्यांबद्दल मागे एकदा ओझरतं लिहिलं आणि तेव्हापासून निम्मी पत्रं त्याच विषयाची येतात. नावं गाळून काही घेतो.

प्र. मोबाईलवर बारा प्रश्नांची टेस्ट दिली. निकाल ‘उच्च’. मी सायकोपॅथ आहे का?

बारा प्रश्नांवरून कुणीच काही ठरत नाही. 2010 साली संशोधकांनी बारा विधानांची एक छोटी प्रश्नावली केली होती, तीही मोठ्या अभ्यासांत वेळ वाचावा म्हणून. त्या बारांतली सायकोपॅथीची चारच. उरलेली आत्मप्रौढी आणि कावेबाजपणाची. तुम्ही दिलेली तीच होती की कुणी घरी जुळवलेली, देव जाणे. ‘सविस्तर अहवालासाठी पैसे भरा’ असं शेवटी आलं असेलच. भरू नका. काळजीने झोप लागत नसेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेळ घ्या.

प्र. डॉ. हेअर यांची 40 गुणांची चाचणी घरी भरता येते का?

नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या या सायकोपॅथीच्या चाचणीत 20 बाबी असतात, प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण. ते गुण प्रशिक्षित तपासनीस देतो, दीर्घ मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं वाचून.

प्र. जो खोटंच बोलतो, त्याच्याकडून प्रश्नावली भरून घेण्यात काय अर्थ?

शंका रास्त आहे, पण ऐकीव समजुतीइतकं ते सरळ नाही. नाव न लिहिता भरायच्या अभ्यासांत अशी माणसं आपला निगरगट्टपणा बिनदिक्कत मान्य करतात. त्यात त्यांना लाजण्यासारखं काही वाटत नाही. 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर सायकोपॅथीचे गुण जास्त असलेले लोक स्वतःला सोज्वळ दाखवण्याकडे उलट कमी झुकत होते. मात्र नोकरी किंवा मुलाचा ताबा पणाला लागला की चित्र बदलू शकतं. म्हणून 154 विधानांच्या एका मोठ्या प्रश्नावलीत सोंग पकडणारी विधानंही पेरलेली असतात. माझ्यासमोर एकाने न वाचता पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिका केल्या होत्या. ‘मला कुणाची कीव येत नाही’ यावरही टिक, ‘दुसऱ्याचं दुःख मला बघवत नाही’ यावरही. तो कागद बाजूला ठेवला आणि बोलायला बसलो.

प्र. नवऱ्याला न सांगता त्याच्या वतीने प्रश्नावली भरली. गुण खूप जास्त आले. आता खात्री झाली ना?

नाही, ताई. असे कागद मला इतक्यांदा दाखवले जातात की आता चिडचिड लपत नाही. अशा प्रश्नावल्यांतली बहुतेक विधानं ‘मी’, ‘मला’ अशी स्वतःबद्दलची असतात. ‘मला अपराधी वाटत नाही’ याचं उत्तर ज्याला वाटतं वा वाटत नाही, तोच देऊ शकतो; तुम्हाला दिसतं ते फक्त वागणं. तो माफी मागत नाही, हे तुम्ही पाहिलंत. आत काय चाललंय, ते तुम्ही भांडणाच्या रात्री अंदाजाने लिहिलंत. शिवाय गुणांची तुलना ज्या लोकांशी करायची, त्यांनी आपापला कागद स्वतः भरलेला असतो. मानसशास्त्रज्ञ लेव्हन्सन यांची सायकोपॅथीची 1995 ची 26 विधानांची प्रश्नावली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेली होती, रागावलेल्या बायकांकडून नव्हे. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण हा आकडा तुमच्या रागाचा आहे, त्याच्या स्वभावाचा नाही.

आणि मुख्य गोष्ट पत्राच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता: ‘कधीकधी हात उचलतो.’ अहो, मग गुणांची वाट कशाला पाहता? मारहाण थांबवायला निदान लागत नाही. जवळच्या माणसाला आजच सांगा, वकिलाचा आणि समुपदेशकाचा सल्ला घ्या. आणि तो कागद त्याला दाखवू नका.

प्र. आमच्या कंपनीत भरतीसाठी अशी चाचणी विकायला आलेत. 90 टक्के अचूक म्हणतात. घ्यावी का?

पेन घ्या. समजा हजार उमेदवारांत खरोखर दहा तसे आहेत. चाचणी त्यातले नऊ पकडेल. उरलेल्या 990 पैकी दहा टक्के, म्हणजे 99 जणांवर उगाच शिक्का बसेल. पकडलेले 108, त्यात खरे नऊ. हे गणित विकणाऱ्याला समोर बसवून करायला लावा. सही करण्याआधी एखाद्या स्वतंत्र मानसशास्त्रज्ञाला विचारा, त्यांच्याच पगारी तज्ज्ञाला नव्हे.

प्र. मुलगा चौदा वर्षांचा. मांजराला छळतो, पश्चात्ताप नाही. मोठ्यांची प्रश्नावली देऊ का?

देऊ नका. सायकोपॅथीशी जवळचं नातं असलेल्या समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदानसुद्धा अठरा वर्षांआधी करत नाहीत. मुलांसाठी 24 विधानांची वेगळी प्रश्नावली आहे आणि तिचे पालकांनी व शिक्षकांनी भरायचे नमुनेही आहेत. (इथे मात्र दुसऱ्याने भरलेलं चालतं, ती त्यासाठीच बेतली आहे.) पण ती बालमानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत. ‘वयात येतोय, सुटेल’ असं म्हणत तुम्ही वर्ष घालवलंय. या आठवड्यात वेळ घ्या आणि शिक्षकांचं म्हणणं लिहून सोबत न्या.